शंभर नगांच्या पेटीऐवजी सुटी हत्यारे : आठ वर्षांच्या वापरानंतर

माझी पहिली हत्यारांची पेटी शंभराहून अधिक नगांची होती. झाकण उघडले की चकाकणाऱ्या सॉकेटच्या (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या नळकांडी तोंडांच्या) रांगा पाहून मन भरून येई, पण घेताना त्यातला एकही नग मी बोल्टवर लावून पाहिला नव्हता. एकदा ब्रेकमधली हवा काढण्यासाठी कॅलिपरच्या (चाकाजवळच्या ब्रेक दाबणाऱ्या भागाच्या) ब्लीड निपलला, म्हणजे हवा सोडण्याच्या छोट्या स्क्रूला, पेटीतला १० मिमीचा रिंग पाना (बंद गोल तोंडाचा) लावून जोर दिला. निपल जागचे हलले नाही; रिंग मात्र कोपऱ्यांवरून घसरली आणि सहाही कोपरे गोल करून गेली. नंतर तीच रिंग कोऱ्या बोल्टवर बसवली, तर ती हाताने दोन्हीकडे खुळखुळत होती. पेटीतले नग मोजले तेव्हा निम्म्याहून अधिक स्क्रू ड्रायव्हरचे बिट निघाले, आणि रोज हाताशी लागतील असे नग पंधरा-वीसच होते.

त्या पेटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ (एक मिश्र पोलाद) अशी ठळक अक्षरे होती. ती खोटी असतीलच असे नाही, परंतु पान्याच्या टिकाऊपणात धातूइतकाच वाटा त्या पोलादाला पाणी कसे दिले आहे, म्हणजे तापवून-थंड करून ते कसे कठीण केले आहे, याचा असतो. कठीणपणा कमी राहिला तर जबडे फाकतात, वाजवीपेक्षा जास्त झाला तर हत्यार तडकते, आणि वरच्या चकाकीवरून यातले काहीच कळत नाही. नामांकित उत्पादक पान्याच्या तोंडाच्या मापासाठी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ६९१ आणि ताकदीच्या चाचणीसाठी आयएसओ १७११-१ या मानकांचा उल्लेख करतात. असा उल्लेख मला धातूच्या नावापेक्षा अधिक उपयोगी वाटतो. त्याखेरीज माझी स्वतःची परीक्षा साधी आहे. एम ६ चा (६ मिमी जाडीचा) कोरा बोल्ट खिशात ठेवायचा, कारण त्याचे डोके १० मिमीचे असते, आणि पाना घेण्याआधी त्यावर बसवून हलवून पाहायचा.

त्यानंतर पाने मी सुटे, स्टालविले या जर्मन कंपनीचे घेतले आणि आठ वर्षांत त्यांतला एकही बदलावा लागलेला नाही. त्यांच्या दांड्याचा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा असल्यामुळे पाना हातात हलका लागतो, पण जोर देताना वाकल्यासारखा वाटत नाही. फिक्स (उघड्या) बाजूचे तोंड दांड्याशी १५ अंशांच्या कोनात असते. म्हणजे अडचणीच्या जागी नट थोडा फिरवायचा, पाना उलटा करायचा आणि पुन्हा थोडा फिरवायचा, असे ३० अंशांच्या जागेतही काम पुढे सरकते. ही सोय बहुतेक सर्वच कॉम्बिनेशन (एका टोकाला उघड्या, दुसऱ्याला रिंगच्या) पान्यांत असते, पण जबडे जाड असतील तर त्या फटीत पाना मुळी शिरतच नाही. या पान्यांचे बारीक तोंड तिथे खरोखर कामाला येते. तक्रार एकच आहे : हात तेलकट असले की त्यांचा गुळगुळीत दांडा निसटतो.

सॉकेट कोकेन या जपानी कंपनीचे, ३/८ इंची चौकोनाचे (दांडा बसण्याच्या भोकाचे माप) आणि सहा कोनी आहेत. बारा कोनी सॉकेट बोल्टवर पटकन बसते हे मान्य आहे, परंतु गंजलेल्या बोल्टवर मी ते लावत नाही. चांगल्या सॉकेटच्या आतल्या कोपऱ्यांना हलकी गोलाई दिलेली असते, त्यामुळे जोर बोल्टच्या कोपऱ्यांवर न पडता सपाट बाजूंवर पडतो, आणि कोपरे आधीच थोडे झिजलेले असले तरी पकड सुटत नाही. सॉकेट प्रकाशाकडे धरून आत पाहिले की ही गोलाई डोळ्यांनी दिसते. इम्पॅक्ट गनवर (धक्के देत बोल्ट फिरवणाऱ्या यंत्रावर) मात्र ही चकचकीत सॉकेट कधीही लावू नयेत. त्यासाठी जाड भिंतीची, बहुधा क्रोम मॉलिब्डेनमची काळी सॉकेट वेगळी मिळतात.

रॅचेट, म्हणजे सॉकेट फिरवणारा आणि एकाच दिशेने पकड घेणारा दांडा, निवडताना सगळे दात मोजतात. ७२ दातांचे रॅचेट दर ५ अंशांना पकड घेते, ३६ दातांचे १० अंशांना, त्यामुळे अरुंद जागेत पहिले सोयीचे पडते हे खरेच आहे. पण मी त्याआधी एक गोष्ट पाहतो. रॅचेटला सॉकेट लावून ते सैल नटावर बसवायचे आणि दांडा मागे न्यायचा. आतली यंत्रणा जड असेल तर दांड्याबरोबर नटही मागे येतो, आणि शेवटचे चार-पाच आटे बोटांनीच सोडवावे लागतात. इंजिनच्या मागच्या बाजूला, जिथे बोटे पोहोचतच नाहीत, तिथे हा दोष फार महागात पडतो.

मापांच्या बाबतीत तयार संच अनेकदा फसवतात. एम ८ च्या बोल्टचे डोके युरोपीय वाहनांत सहसा १३ मिमीचे, तर जपानी वाहनांत १२ मिमीचे असते. एम १० ला जुन्या जर्मन पद्धतीत १७, आयएसओनुसार १६ आणि जपानी पद्धतीत १४ लागतो. तेव्हा आपल्या वाहनाला लागणारी चार-पाच मापे आधी घेऊन बाकीची गरजेनुसार जोडणे मला रास्त वाटते. जपानी मोटरसायकलच्या स्क्रूंवर पुष्कळदा बारीक ठिपका कोरलेला असतो. तो जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) स्क्रू असतो. नेहमीचा फिलिप्स (अधिक चिन्हाच्या टोकाचा) ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि खाच खराब होते. जेआयएस ड्रायव्हर घेतल्यापासून माझ्याकडून एकही खाच बिघडलेली नाही.

पकडींमध्ये क्निपेक्स कंपनीच्या समांतर जबड्यांच्या पकड-पान्याची मी मनापासून शिफारस करीन. त्याचे जबडे सपाट आणि बिनदात्यांचे असल्यामुळे पितळी नट किंवा मुलामा दिलेले भाग ओरखडा न पडता सुटतात. गोल पाइप मात्र त्याने धरता येत नाही, त्यासाठी दात्यांची वेगळी पकड लागतेच.

टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) हे एकच हत्यार मी दरवर्षी तपासायला देतो, कारण आयएसओ ६७८९ नुसार १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांतले जे आधी होईल तेव्हा ते तपासून घेणे अपेक्षित आहे. त्याने बोल्ट सोडवायचा नाही. आतल्या स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून काम झाल्यावर मी ते सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवतो, आणि पुढच्या वेळी हवा तो आकडा लावल्यावर आधी एखाद्या सुट्या बोल्टवर दोन-तीनदा तो जोर गाठल्याची टकटक ऐकून मगच सिलेंडर हेडकडे वळतो.