'ब्लॅक्युला' की 'गांजा अँड हेस': आधी कोणता पाहावा?

'सिनर्स' (२०२५) हा कृष्णवर्णीय नायकांचा व्हॅम्पायरपट आवडल्यावर कृष्णवर्णीयांच्या जुन्या व्हॅम्पायरपटांकडे वळणाऱ्याला दोन नावं हमखास ऐकू येतात: विल्यम क्रेनचा 'ब्लॅक्युला' (१९७२) आणि बिल गनचा 'गांजा अँड हेस' (१९७३; गांजा आणि हेस ही त्यातल्या पात्रांची नावं). दोन्ही अमेरिकन, दोघांचे दिग्दर्शक कृष्णवर्णीय. पहिला चालला म्हणून दुसऱ्या निर्मात्यांनी गनकडे तसाच आणखी एक मागितला आणि गनने त्यांच्या हाती भलतंच काहीतरी ठेवलं.

गॉथिक भयपट म्हटल्यावर तुम्हाला गढी, शवपेटी आणि काळा झगा हवा असेल, तर 'ब्लॅक्युला'. १७८० साली आफ्रिकेतला राजपुत्र मामुवाल्दे पत्नी लुवासह ट्रान्सिल्व्हेनियात येतो. गुलामांचा व्यापार थांबवायला त्याला काउंट ड्रॅक्युलाची मदत हवी असते. ड्रॅक्युला मदत तर नाकारतोच, वर लुवावर नजर ठेवतो, मामुवाल्देला चावतो, 'ब्लॅक्युला' हे नाव त्याच्यावर लादतो आणि त्याला पेटीत कोंडतो. गुलामगिरीचा सगळा इतिहास या पाच-दहा मिनिटांत येऊन जातो. पात्राला ही राजपुत्राची पार्श्वभूमी मिळाली ती विल्यम मार्शलच्या आग्रहामुळे. रंगभूमीवर ऑथेल्लो गाजवलेला हा नट. त्याचा घनगंभीर आवाज आणि राजस चाल सिनेमाला तोलून धरतात.

पुढे विसाव्या शतकात पेटी लॉस एंजेलिसला पोचते आणि सिनेमा बराच सैल होतो. पेटी विकत घेणारं समलिंगी जोडपं हसण्यापुरतं आणि पहिले बळी म्हणून वापरलंय, त्यांच्याबद्दलची भाषाही बोचते. एका समूहाला सन्मान देताना दुसऱ्याचा असा बळी दिलेला मला खटकतो. लुवा आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी लॉस एंजेलिसमधली टीना या दोन्ही भूमिका व्होनेटा मॅगीच्या, पण दोघींच्या वाट्याला नायकाची प्रेयसी असण्यापलीकडे फारसं काही येत नाही.

'गांजा अँड हेस'मध्ये झगा नाही, सुळे नाहीत. हेस ग्रीन हा श्रीमंत मानववंशशास्त्रज्ञ. मोठं घर, उंची गाडी, नोकर. त्याचा सहायक (खुद्द बिल गन) एका प्राचीन आफ्रिकी खंजिराने त्याला भोसकतो आणि त्याला रक्ताची तहान लागते. मग सहायकाची बायको गांजा नवऱ्याला शोधत घरी येते आणि मार्लीन क्लार्क सिनेमाच ताब्यात घेते. गांजाला पैसा हवाय, सुख हवंय, आणि ते मागताना ती कुणाची माफी मागत नाही. त्या काळच्या भयपटांत कृष्णवर्णीय स्त्रीला अशी भूक क्वचितच मिळाली असेल. हेस झालेला ड्युएन जोन्स म्हणजे 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा (१९६८) नायक. इथे त्याची ओढाताण चर्च आणि आफ्रिकी रक्तविधी यांच्यामध्ये आहे. भीतीचं मूळही तिथेच आहे, बाहेरून आलेल्या गोऱ्या सरदारात नाही.

म्हणून प्रतिनिधित्वाचा प्रश्न मनात धरून पाहणार असाल, तर माझं मत 'गांजा अँड हेस'ला. 'ब्लॅक्युला'त जुन्या साच्यात नवा नायक आला. इथे साचाच बदलला. मात्र हा सिनेमा संथ आहे, प्रसंग तुटक आहेत, गाणी आणि स्वप्नं मध्येच घुसतात. दिवसभर काम करून रात्री थरारासाठी बसणार असाल तर त्या रात्री तो नकोच, 'ब्लॅक्युला' लावा. दीड तासात संपतो आणि रंगतोही.

एक खबरदारी घ्या. 'गांजा अँड हेस' फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला, पण निर्मात्यांनी पुढे तो कापून, नव्याने जोडून 'ब्लड कपल' वगैरे नावांनी विकला. ती आवृत्ती सुमारे ७८ मिनिटांची आहे, मूळ सिनेमा पावणेदोन तासांहून मोठा. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मूळ प्रत राहिली म्हणून तो आज पूर्ण पाहता येतो. लावण्याआधी लांबी तपासा. दीड तासाच्या आतला दिसला तर तो गनचा सिनेमा नव्हे.