औरंगपुऱ्यातलं मिक्सर रिपेअरचं दुकान : काम एक नंबर, डोक्याला भुंगा फुकट

दुकानाचं नाव विचारू नका. पाटीवरचं नाव उन्हापावसात कधीच उडालंय, 'मिक्सर कुकर रिपेअर' एवढंच काय ते वाचता येतं. आपल्या संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) औरंगपुऱ्यात आतल्या गल्लीत आहे, दोन गिऱ्हाईकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरच थांबायचं एवढीशी जागा. चाचा एकटेच बसतात, भोवती उघडे पडलेले मिक्सर आणि शिट्टी नसलेले कुकर.

आमच्याकडे आईचा जुना सुमीत मिक्सर आहे. तोच तो, सीमेन्समध्ये नोकरीला असलेल्या माथुर साहेबांनी काढलेला, घरातला परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यापुढे आणि डाळीपुढे टिकेना म्हणून 1963 ला त्यांनी स्वतःच कंपनी काढली. तर हा आमचा मिक्सर शेंगदाण्याची चटणी वाटताना ठिणग्या मारायला लागला, जळका वास आला आणि बंद पडला. आधी एका मोठ्या चकाचक सर्व्हिस सेंटरला नेला (नाव घेत नाही), तिथल्या मुलाने न उघडताच सांगितलं की मोटर गेली, पार्ट मिळत नाहीत, एक्सचेंजमध्ये टाका.

चाचांनी आधी बुडाचं लाल बटण दाबून बघितलं, ओव्हरलोड झाला की तिथून ट्रिप होतो ना. काही नाही. मग बूड उघडलं आणि कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला घासत करंट पोचवणारा कांडीसारखा तुकडा) काढून माझ्या तळहातावर ठेवला, शेजारी नवीन ठेवला. नवीन चांगला बोटाच्या पेराएवढा, आमचा झिजून नखाएवढा राहिलेला. म्हणाले, "मोटर को कुछ नही हुआ ताई, नया कायकू लेते?" ब्रश टाकले, आर्मेचरवरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या गाभ्यावरचा, तांब्याचा काळा पडलेला भाग बारीक पॉलिश पेपरने पुसला, वरचा रबरी कपलर, मोटरला जार जोडणारा, पण चिरला होता तो बदलला. कपलर सारखा का तुटतो विचारलं तर म्हणे तो तुटायलाच बनवलाय, जार अडकला तर आधी त्याने मरायचं, मोटरने नाही. सगळे मिळून 180 रुपये.

आता इथून पुढे माझ्या डोक्याची वाट लागली. कारण उभ्या उभ्या हिशोब केला, या मिक्सरचे जार बदललेत, ब्लेड बदलली, वायर, स्विच, कपलर तर विचारूच नका, आर्मेचर मागे एकदा रिवाइंड झालंय आणि आता ब्रश पण गेले. आईच्या वेळचं राहिलं काय तर वरची पिवळी पडलेली बॉडी. तरी माझी बहीण दर दिवाळीला ऐकवते की आईचा मिक्सर तू घेतलास म्हणून. कुठला आईचा, कशावरून आईचा?

आपल्या गावात हा प्रश्न नवीन नाही म्हणा. नागसेनवनात मिलिंद कॉलेज आहे, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 ला सुरू केलेलं, नागसेन आणि मिलिंद ही दोन्ही नावं 'मिलिंदपन्ह' या जुन्या बौद्ध ग्रंथातल्या ज्या संवादातून आली त्यात हेच आहे. राजा मिलिंद रथातून येतो आणि भंते नागसेन त्याला विचारतात की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठाय? रथ हे बोलायच्या सोयीसाठी दिलेलं नाव, हे सगळं जुळून आलं की आपण त्याला रथ म्हणतो, बस. पुढे दूध, दही, लोणी, तूप असंही येतं, तूप म्हणजे दूध नाही पण दुधावाचून तूप झालेलंही नाही, तेच नाही आणि वेगळंही नाही. मला हे पूर्ण पटतं, फक्त बहिणीला फोनवर समजावून बघा एकदा.

आणि चाचांकडे तर आणखी एक भानगड आहे. काढलेले पार्ट ते फेकत नाहीत. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात स्विच, स्क्रू, बुश सगळं पडलेलं, जे चालू आहे ते गरिबाच्या मिक्सरला स्वस्तात लावून देतात. म्हणजे आईचा जुना स्विच आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात फिरत असेल. ग्रीक लोकांचा असाच घोळ आहे, त्यांच्या पुराणकथेतला वीर थिसियस, त्याच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत गेले, मग जहाज तेच का, आणि 17व्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात काडी टाकली की काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून दुसरं जहाज बांधलं तर खरं कुठलं? लोकांना हा प्रश्न हवेतला वाटतो. त्यांनी तो बिस्किटाचा डबा बघावा.

पण मला जास्त छळलं ते वेगळ्याच गोष्टीने. चाचांनी मोटर गेली म्हणून सांगितलं असतं तर मला घंटा कळलं नसतं, बाराशे-पंधराशे मी गुपचूप काढून दिले असते. नाही सांगितलं. कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं एक फेमस उदाहरण नेमकं दुकानदाराचंच आहे, 1785 चं. नवख्या गिऱ्हाइकाला, अगदी लहान पोराला पण, तो जास्त भाव लावत नाही, पण धंदा टिकावा म्हणून प्रामाणिक असेल तर कांट त्याला मार्क देत नाही, कर्तव्य म्हणून प्रामाणिक असेल तरच. मी सरळ चाचांना विचारलं की तुम्ही खरं का सांगता. ते म्हणाले खोटं बोललो तर तुम्ही परत याल का, आणि मग स्क्रू आवळता आवळता, वर न बघता, "और ऊपर भी हिसाब देना है ना". झाली पंचाईत, धंदा पण आला आणि वरचा हिशोब पण आला, कांटसाहेब दोन्हीवर मार्क कापणार, कारण बक्षिसासाठी किंवा भीतीने केलेलं त्यांना चालत नाही. मला विचाराल तर अशा हिशोबात कांटनी गिऱ्हाईक होऊन बघायला पाहिजे होतं. मिक्सर हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला दुकानदाराच्या मनातलं कारण नको असतं, खरं उत्तर पाहिजे असतं. हां, पण सर्व्हिस सेंटरचा मुलगा पण काही वाईट नसेल, त्याला टार्गेट असणार, मग खोटं कुणाचं, त्याचं का टार्गेट देणाऱ्याचं, यावर मी अजून भांडतेय स्वतःशी.

वॉरंटीचं विचारलं तर उत्तर ऐका. ब्रशची तीन महिने. मिक्सरची? मिक्सरची नाही. नागसेन ऐकून खूश झाले असते, पार्ट तेवढे खरे, मिक्सर नावाच्या वस्तूची गॅरंटी कोण देणार.

तक्रारी पण आहेत. पावती मिळत नाही, मागितली तर जुन्या वहीचा तुकडा फाडून देतात. उद्या म्हणाले तर परवा धरा. फोन उचलत नाहीत. बसायला काही नाही, आणि गाडी लावायची सोय शून्य, टू व्हीलरवरच जा. नवीन मॉडेलचे डिजिटल डिस्प्लेवाले मिक्सर घेत नाहीत, स्पष्ट सांगतात येत नाही म्हणून, हे मला आवडलं खरं तर.

पाचपैकी साडेचार. अर्धा पावतीसाठी कापला. शुक्रवारी दुपारी बंद असतं. जार सोबत न्या, आणि धुऊन न्या, चाचा लसणाच्या वासावर बोलून दाखवतात.