भेदऱ्यांच्या (टोमॅटोच्या) पिशवीत काय भरायचं: कोकोपीट, तूस की पऱ्हाटी?

मर रोगानं दोनदा वाफे बसले, म्हणून माती सोडून भेदरं पिशवीत लावायचं ठरवलंत, तर आधी सुटायला हवा प्रश्न भरायचं काय याचा. विदर्भात हाताशी तीन गोष्टी आहेत.

कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दक्षिणेतून येतं, विकतच घ्यावं लागतं. 5 किलोची वीट भिजली की साधारण 70 लिटर माल होतो, म्हणजे 15 लिटरच्या साडेचार पिशव्या. पाणी धरण्यात याच्या तोडीचं दुसरं नाही. शेतीची लाइन (वीज) रात्री येते, एखादी पाळी चुकते, तरी झाड तग धरतं. पण ते खारट असतं. साध्या पाण्यानं धुवा, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा, पुन्हा धुवा. हे टाळलं तर झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम कोकोपीटच धरून बसतं आणि फळाच्या बुडाला काळा चट्टा पडतो.

धानाचं तूस भंडारा-गोंदियाकडे राइस मिलवर मिळतं. सिलिकामुळे ते लवकर कुजत नाही, मुळाशी हवा खेळती राहते. पाणी मात्र त्यात थांबत नाही. नुसत्या तुसात दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं लागेल. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस बरं, पण ते अल्कधर्मी असतं. त्यात बोअरचं जड पाणी पडलं की शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अशी लोहाची कमतरता दिसते.

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं, घरचीच, आणि माझा जीव तिच्यावरच आहे. दरवर्षी ती बांधावर जळताना पाहवत नाही. पहिल्या वर्षी मी घाईच केली. कुट्टी करून महिनाभरातच पिशव्या भरल्या. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी पडली, वाढ थांबली. पिशवीत हात घातला तर आत कोमट लागलं. कुजणं अजून चालूच होतं आणि झाडाचं नत्र त्यातच जात होतं. आता बोटभर तुकडे करतो, शेणकाला आणि थोडा युरिया टाकून ढीग ओला ठेवतो, दर पंधरवड्याला पलटी मारतो. तीन महिने तरी द्याच. ढीग थंड झाला, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास आला, की त्यात मेथी पेरून बघा. ती नीट उगवली तरच भेदरं लावा. शिवाय झाडावर उरलेल्या बोंडांत दडलेली शेंदरी बोंडअळीही या कुट्टीत मरते.

कोणाला काय? कापूसपट्ट्यातल्या, अकोला-यवतमाळकडच्यांनी मुरलेली पऱ्हाटी आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घ्यावं. धानपट्ट्यात कोकोपीट जास्त, काळं तूस कमी. रोज शेतावर जाणं होत नसेल तर नुसतं कोकोपीट, खर्च सोसावा. तिन्हींत पोटभर अन्न नाही. ठिबकमधून विद्राव्य खत रोज द्यावंच लागतं.

पिशवीच्या तळाला भोकं पाडा, आणि खाली निथळणारं पाणी आठवड्यातून एकदा वाटीत धरून त्याचा सामू (pH) पाहा. 5.5 ते 6.5 च्या आत असेल तर ठीक. रोपं सप्टेंबरात लावा. एप्रिलच्या उन्हात फूल येतं, पण फळ धरत नाही.