अखंड वस्तरा की अर्ध्या ब्लेडचा?

सांगलीतल्या सलूनमध्ये हल्ली दिसतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा. ब्लेड मोडायचं, अर्धं अडकवायचं, दाढी झाली की टाकायचं. गिऱ्हाईकागणिक नवं ब्लेड, त्यामुळे एकाचं रक्त दुसऱ्याला लागायची भीती नाही. स्वस्तही पडतो. पण नवशिक्याला हाच जास्त कापतो: हलका, त्यात ब्लेडचे कोपरे टोकदार. हनुवटीखाली कोन जरा चुकला की शोधा तुरटी.

अखंड पोलादी वस्तरा जड; दाबावं लागत नाही. गालाशी साधारण 30 अंशांचा कोन धरायचा, दुसऱ्या हातानं कातडी ताणायची आणि केसांच्या दिशेनंच ओढायचा. बारीक करकर ऐकू येते. त्याचे लाड मात्र फार! दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा, तोही पाठ पुढे, धार मागे ठेवून. उलटा फिरवला तर पट्टाही गेला नि धारही. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत ओला राहिला की गंज ठरलेला, म्हणून कोरडा पुसून तेलाचा हात द्यायचा.

मला विचाराल तर अखंडच घ्या, पण सुरुवातीला फक्त गाल करा. सकाळची एसटी गाठायची असेल त्या दिवशी दोन्ही राहू द्यात, साधं रेझर आहेच.