बरणीतला तुकडा आणि आमचं किचन

गणेश चवथीला आठ दिवस होते. मोठी तपेली काढायला सिंकखालचं दार उघडलं, तर ते बिजागरीसकट हातातच आलं. स्क्रूच्या जागी दोन भोकं आणि भोकांतून ओला भुसा. बोट लावलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. मे महिन्याच्या शेवटी बसवलेलं किचन. 2,15,000 रुपयांचं.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. घर जुनं, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा ओटा आणि कडाप्प्याच्याच फळ्या. दिसायला काळंकुट्ट, पण सासूबाईंच्या लग्नापासून त्याला काही झालं नव्हतं. मलाच मॉड्युलर हवं होतं. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारातून परतताना एक शोरूम दिसलं. काउंटरवर काचेची बरणी, तिच्यात पाणी आणि पाण्यात प्लायचा तुकडा. ‘‘मॅडम, सहा महिने झाले, बघा फुगलाय का!’’ मरीन प्लाय, आयएसआय 710. आमच्या पावसाला हेच पाहिजे, असं शोरूमवाला म्हणाला आणि ते खोटं नव्हतं. 710 चा प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. फक्त तो तुकडा बरणीत होता, माझ्या किचनमध्ये येणार नव्हता.

दोन दिवसांनी तो लॅपटॉपवर चित्र घेऊन आला. पांढरी चकचकीत कपाटं, कोपऱ्यात फुलदाणी. आता आठवलं की हसू येतं: त्याने आम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्ही रांधता काय, मासे कुठे साफ करता, आदोळी (विळी) घेऊन बसायचं कुठे, चवथीची भांडी वर्षभर कुठे राहतात. माझी उंची पाच फूट, सासूबाई माझ्याहून बुटक्या. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असला तर चिरताना खांदे भरून येत नाहीत, म्हणजे आम्हाला 32 इंच पुरेत. त्याने वहीत 32 लिहूनही घेतलं. आला तो 35 चा. कपाटांचे डबे तयारच होते, दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचे. खाली 15 सेंटिमीटरचे पाय, वर ग्रॅनाइट. पाय खाली करता येतात हे मला ग्रॅनाइट बसल्यावर कळलं.

हिशेबातली गंमत तर मला कितीतरी उशिरा समजली. दर 1,650 रुपये चौरस फूट. ओटा एल आकाराचा, एक भिंत 10 फूट, दुसरी 7. खालची कपाटं त्याने अडीच फूट उंच धरली, वरची दोन फूट, त्यावर दीड फुटाचा माळा. त्याने 17 फूट गुणिले सहा फूट करून 102 चौरस फूट काढले. पण एलच्या कोपऱ्यात दोन भिंतींची कपाटं एकमेकांत शिरतात. तो कोपरा त्याने दोनदा धरला, खालीही आणि वरही. तिथेच 10 चौरस फूट. शिवाय सिंकसमोर चार फुटांची खिडकी आहे, तिच्यावर कपाट येणारच नव्हतं, तरी ते आठ चौरस फूट बिलात. एकूण 29,700 रुपये हवेचे. टेप घेऊन मी मापलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. मी शाळेत गणित शिकवते, हे कुणाला सांगू?

कोटेशनमध्ये ‘बीडब्ल्यूपी 710 ऑर इक्विव्हॅलंट’, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा 710 प्लाय किंवा त्याच तोडीचं काही, असं लिहिलं होतं. ‘ऑर इक्विव्हॅलंट’ हे दोन शब्द मी वाचले, पण मनावर घेतले नाहीत. त्या दोन शब्दांच्या जोरावर आतले डबे पार्टिकल बोर्डचे, म्हणजे दाबलेल्या भुशाचे आले. दारं तेवढी प्लायची, आणि दारंच आपण बघतो. कडांना पट्टी चारही बाजूंनी हवी. सिंकच्या डब्याला मागून आणि खालून नव्हतीच, तिथूनच पाणी प्यायलं.

स्टीलच्या बास्केटचं तर त्याने माझ्यासमोर नाटक केलं. खिशातून लोहचुंबक काढलं, चिकटलं नाही. ‘‘304 आहे मॅडम!’’ म्हणजे सहजी न गंजणारं चांगलं स्टील. नंतर कळलं की स्वस्तातलं 202 स्टीलसुद्धा सहसा चिकटत नाही. मिठातल्या तोरांची (कोवळ्या कैऱ्यांची) बरणी थोडी पाझरली आणि पंधरा दिवसांत तारांवर तांबडे ठिपके.

पैसे असे गेले: 60,000 यूपीआयवर आगाऊ, माल उतरला त्या दिवशी 1,30,000 रोख. ‘‘पक्कं बिल केलं तर 18 टक्के जीएसटी पडेल, कशाला उगाच?’’ त्या वेळी हा माणूस आपलं भलं बघतोय असं वाटलं. उरलेले 25,000 मी देणारच होते. सासूबाईंनी अडवलं. ‘‘पाऊस पडू दे गो, मग दे.’’ वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या मुलखात एवढी साधी अट आम्हा शिकलेल्यांना सुचली नाही.

चवथीआधी गावातल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला बोलावलं. त्याने फुगलेला तुकडा चिमटीत धरून चुरला. ‘‘हें प्लाय न्हय, भुसो.’’ त्याने सांगितलेलं इथे लिहिते, कारण आमच्या उपयोगाचं आता उरलेलं नाही. माल उतरताना प्रत्येक पूर्ण शीटवरचा शिक्का बघायचा. डबे तयार होऊन आले तर तो दिसत नाही, म्हणून कापलेला एखादा तुकडा मागून घ्यायचा आणि घरी पातेल्यात तीन-चार तास उकळायचा. भुशाचा असेल तर त्याचं पिठलं होतं. सिंकखाली लाकूड घालायचंच नाही.

शोरूमवाल्याने आधी ‘माणूस पाठवतो’ म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथून संदेश गेल्यावर त्याचं एकच उत्तर: ग्राहकाने उरलेले पैसे दिलेले नाहीत. आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. रोख दिलेल्या पैशांचा कागद माझ्याकडे नाही, पण ‘1,30,000 मिळाले’ हा त्याचा व्हॉट्सअॅप संदेश आहे. चुकून डिलीट केला नाही, एवढंच नशीब.

मेस्ताने सिंकखाली कडाप्प्याच्या दोन फळ्या टाकून दिल्या. जुन्या ओट्याच्याच, मागच्या अंगणात पडल्या होत्या. दार अजून लावलेलं नाही.