२७१० ग्रॅमची ‘डाउनहिल’ फ्रेम आणि माझे १,१८,२०० रुपये

लिहायला लाज वाटतेय, तरी लिहितोय, कारण मला फसवणारा तो माणूस अजून जाहिराती टाकतोय.

डोंगरउतारावर जोरात उतरायच्या, म्हणजे डाउनहिल सायकलची सेकंडहँड कार्बन फ्रेम, मागच्या शॉक ॲब्झॉर्बरसकट, २०० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलतं ते अंतर), “एकच सीझन वापरलीय.” आगाऊ २५,००० यूपीआयने, उरलेले ९०,००० पार्सल निघायच्या आधी, कुरियरचे ३,२००. बिल नाही. फ्रेम नंबरच्या जागेवर ताजा रंग. असे व्यवहार कसे चालतात ते तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. पण नवी फ्रेम बाहेरून मागवायची तर ड्युटी धरून आकडा कुठे जातो, त्याची एकदा चौकशी करा आणि मग मला नावं ठेवा.

खरी चूक पार्सल उघडलं त्या संध्याकाळची. काट्याला अडकवली, शॉकसकट २ किलो ७१० ग्रॅम. माझी जुनी ॲल्युमिनियमची ४ किलोच्या वर होती. आणि मी खूश झालो! डाउनहिल फ्रेम उगाच जड नसते. डबल क्राउन फोर्क (पुढच्या चाकाचा दणकट दुहेरी पकडीचा चिमटा) प्रत्येक धक्क्याला हेड ट्यूब, म्हणजे तो जिथे बसतो ती फ्रेमची पुढची नळी, उपटायला बघतो, म्हणून तिथे, पेडलच्या आसापाशी (बॉटम ब्रॅकेट) आणि मागच्या सांध्यांभोवती (पिव्हट) कार्बनचे जादा थर घालावेच लागतात. नव्या पोरांना हे मीच सांगत आलोय.

शॉकवर तर स्वच्छ छापलं होतं, २१० बाय ५५, म्हणजे लांबी २१० मिमी आणि तो दबतो ते अंतर, स्ट्रोक, ५५ मिमी. ५५ मिमी स्ट्रोकवर मागचं चाक २०० मिमी हलायचं तर लिव्हरेज (शॉकच्या किती पट चाक हलतं ते) ३.६ च्या वर हवं. एवढं कोण ठेवतं? २.७ धरा, ट्रॅव्हल येतो १५० च्या आसपास. म्हणजे ट्रेल फ्रेम, साध्या डोंगरवाटांसाठीची, वर डाउनहिलचे स्टिकर. मागच्या चाकाचा आस, एक्सल, १४८ मिमीच कसा, असं विचारलं तर विकणारा म्हणाला, “दादा, आता सगळे बूस्टच देतात.” काही डाउनहिल फ्रेमना १४८, म्हणजेच बूस्ट, असतो हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसलो. एका मिनिटाचा गुणाकार होता. नाही केला.

तिसऱ्या राइडला, जेमतेम मीटरभर उंचीच्या ड्रॉपवरून उडी घेताना, हेड ट्यूब डाउन ट्यूबपासून (फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीपासून) सुटली. आत जुना तडा, वर पुट्टी आणि रंग. मनगटात प्लेट बसली, त्याचे ६४,००० वेगळे. नंतर पुन्हा रंगवलेला कार्बन घेऊच नका. वॉरंटी बहुतेक ठिकाणी पहिल्याच मालकाला असते, मूळ बिल नसेल तर उठून या.

पोलीस चौकीत चार खेपा घातल्या, हात गळ्यात बांधून. पहिल्यांदा “साहेब बंदोबस्ताला गेलेत.” दुसऱ्यांदा “सायकलच्या सांगाड्याला सव्वा लाख?” आणि हसले. तिसऱ्यांदा म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. मी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ काढून दाखवलं, खोटं सांगून पैसे घेणं म्हणजेच फसवणूक ना? अर्ज ठेवून घेतला. पोच मागितली तर “उद्या या.” चौथ्यांदा तो अर्जच सापडेना. ऑनलाइन तक्रार केली, ती फिरून त्याच चौकीत आली. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.

पैसे गेल्याचं कळताच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, मी अकरा दिवस त्याच्याशीच भांडत बसलो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढा, माझ्याकडे एकच आहे. आणि शॉकवरचा आकडा पैसे देण्याआधी फोटोत मागा.

तुटलेली फ्रेम पुरावा म्हणून गॅलरीत ठेवलीय. अजून कुणी बघायला आलेलं नाही.