एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओसाठी सोनी यूबीपी-एक्स८००एम२ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोनीचा हा डिस्क प्लेअर एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाच्या डिस्क, वाजवतो. घेण्याआधी एवढं लक्षात ठेवा, या प्लेअरला अ‍ॅनालॉग आउटपुट नाही. मागे दोन एचडीएमआय आणि एक कोअ‍ॅक्सियल (डिजिटल आवाजाची जोडणी) आहे. स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरला थेट जोडायचा विचार असेल तर पुढचं वाचूच नका. कोअ‍ॅक्सियलचाही इथे उपयोग नाही, कारण एसएसीडीचा उच्च दर्जाचा थर त्या तारेतून बाहेर येत नाही. म्हणजे एचडीएमआय घेणारा आणि शक्यतो डीएसडी (एसएसीडीवरचं आवाजाचं डिजिटल रूप) ओळखणारा रिसीव्हर, म्हणजे अनेक स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, हवाच. एक एचडीएमआय टीव्हीला, फक्त ऑडिओसाठी असलेली दुसरी थेट रिसीव्हरला. प्लेअर टीव्हीला आणि तिथून एआरसीने (टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधून बाहेर पाठवणारी सोय) साउंडबारला, अशी जोडणी केली तर डीएसडी पोचत नाही. साध्या एआरसीतून पाच चॅनेलचं पीसीएम (सीडीवर असतं तसं डिजिटल रूप) सुद्धा जात नाही.

समोर डिस्प्ले नाही, ही खरी अडचण. काय वाजतंय ते टीव्ही लावून किंवा रिसीव्हरच्या पट्टीवरच बघावं लागतं. तिथे ‘४४.१’ आणि दोन चॅनेल दिसले तर पैसे वाया चाललेत, हायब्रिड डिस्कचा (एसएसीडी आणि सीडी असे दोन्ही थर असलेली डिस्क) सीडी थर वाजतोय. सेटिंगमध्ये थर ‘सुपर ऑडिओ सीडी’ आणि चॅनेल ‘मल्टी’ करा. पट्टीवर ‘डीएसडी’ यायला हवं. पीसीएममध्ये बदलून येत असेल तर ४४.१ च्या पटीतला आकडा दिसेल, ८८.२ किंवा १७६.४. त्याच बैठकीत डीआरसी (मोठ्या-छोट्या आवाजातला फरक कमी करणारा पर्याय), बीडी ऑडिओ मिक्स (ब्लू-रेवरचे जादा आवाज मिसळणारा) आणि आवाज ‘सुधारणारे’ सगळे पर्याय बंद करून टाका.

आता वादाचा मुद्दा: डीएसडी तसंच ऐकायचं की पीसीएम करून. डीएसडी म्हणजे सेकंदाला २८,२२,४०० वेळा घेतलेला एक बिट. त्या रूपात असताना स्पीकरचं अंतर, पातळी, बासची वाटणी यातलं काहीच सहज करता येत नाही. म्हणून बरेच रिसीव्हर आधी त्याचं पीसीएम करतात. ‘प्युअर डायरेक्ट’ दाबलं की हे टळतं, पण त्याबरोबर बास मॅनेजमेंटही (खोल आवाज सबवूफरकडे वळवणं) जातं. मग छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर तबल्याचा बायाँ आणि डबल बास पोकळ वाटतो आणि दोष डिस्कला लागतो. मोठे स्पीकर पाचही बाजूंना समान अंतरावर असतील तर डायरेक्ट ठेवा. नसतील तर पीसीएम होऊ द्या, ऐकताना फायदाच होतो. ३५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ मिलिसेकंद. मागचा स्पीकर मीटरभर जवळ असेल तर वाद्यवृंद त्या बाजूला ओढला जातो.

थरांची तुलना करणाऱ्यांसाठी: डीएसडीची ० डेसिबल पातळी कमाल मॉड्युलेशनच्या निम्म्यावर, म्हणजे ६ डेसिबल खाली धरलेली असते. पातळी न जुळवता ऐकलं तर सीडी थर ‘जास्त दमदार’ वाटू शकतो. आधी आवाज जुळवा, मग मत द्या.

मागचे स्पीकर कानाच्या उंचीवर, समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंशांवर. सिनेमासाठी छताजवळ लावलेले असतील तर खाली आणा. आरसीए लिव्हिंग स्टीरिओच्या बऱ्याच एसएसीडींत मूळ टेपवर असलेले तीनच चॅनेल आहेत, तिथे मागून आवाज येणारच नाही. पेंटाटोनच्या क्वाड्रो मालिकेत उलट, चार कोपरे वाजतात आणि मधला स्पीकर गप्प. दोन्ही ठिकाणी तार तपासत बसू नका.

डिस्क सीडी म्हणून वाजते पण एसएसीडी म्हणून उचलत नाही, ही तक्रार जुन्या प्लेअरवर नेहमीची. सीडी थर ७८० नॅनोमीटरच्या लेसरने वाचतात, उच्च दर्जाचा ६५० च्या. दुसरा लेसर थकला किंवा भिंगावर धूळ बसली की एकच थर दिसेनासा होतो. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहिल्याशिवाय डिस्क टाकून देऊ नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात एसी बंद केल्यावर भिंगावर बाष्प धरतं. डिस्क काढून प्लेअर अर्धा तास नुसता चालू ठेवा. पुसताना मायक्रोफायबरने मधून कडेकडे, गोल गोल कधीच नाही. आणि छापील बाजूही जपा: सीडी थर १.२ मिलिमीटर खोल, म्हणजे लेबलच्या अगदी खाली असतो, तर उच्च दर्जाचा थर ०.६ वर, मधोमध. लेबलवरचा खोल ओरखडा आधी सीडी थर मारतो.

डीव्हीडी-ऑडिओत एक फसगत असते. बऱ्याच डिस्कवर साध्या प्लेअरसाठी डॉल्बी किंवा डीटीएसचा वेगळा भाग असतो. पट्टीवर यापैकी काही उमटलं तर एमएलपीचा (डीव्हीडी-ऑडिओची दर्जा न गमावणारी पद्धत) मूळ भाग वाजत नाहीये, मेन्यूतून बदला. व्हिडिओ रिझोल्युशन ४८०पी वर ठेवू नका. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या मोकळ्या जागेतूनच जातो आणि तेवढ्यात ९६ किलोहर्ट्झचे सहा चॅनेल मावत नाहीत. १०८०पी ठेवा.

परदेशातून मागवताना एसएसीडीला रीजन (ठरावीक भागातल्याच प्लेअरवर चालण्याचं बंधन) नसतो. ब्लू-रे मात्र बघून घ्या: भारत सी, अमेरिका आणि जपान ए, युरोप बी. फक्त ऑडिओच्या ब्लू-रे बहुतेक खुल्या असतात, मैफलींच्या चित्रफिती नेहमीच नसतात.